म्हंजे काय, बाई?

चंद्रपूरच्या कचेरीसमोर ते टाइपरायटर घेऊन बसत. विडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांवरचा माझा प्रबंध मी त्यांच्याकडे टाइप करायला दिला होता. नागपूरला विद्यापीठात जमा करायला महिनाच उरला होता.

वाक्य कळलं नाही की ते दोन्ही हात मशीनवरून उचलून मांडीवर ठेवत आणि चष्म्यावरून बघत विचारत, "म्हंजे काय, बाई?" मला राग यायचा. टाइप करणाऱ्यानं टाइप करावं, असं मी एकदा म्हटलंही. हात मांडीवरून हलले नाहीत.

'श्रमविभागणीचे कालसापेक्ष स्वरूप' या शब्दांवर ते असेच थांबले. मी वैतागून म्हणाले, "म्हणजे माझी आई अंधारातच जंगलात जाते, ऊन तापायच्या आत पानं तोडून आणते, अन् दुपारभर आम्ही सारे पुडे बांधत बसतो."

"मंग हे काऊन नाई लिवलं?" म्हणत त्यांनी तेच टाइप केलं. पुढचं सगळं प्रकरण मी वही मिटून सांगितलं.

शेवटी ऋणनिर्देशाचं पान दिलं. त्यात मार्गदर्शक होते, ग्रंथपाल होते, आई होती आणि तळाला या टाइप करणाऱ्या भाऊंचं नाव होतं. घरी येऊन बघते तर तळाची ओळच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "भाऊ, ती ओळ काऊन गाळली?"

"मी कुठी काई लिवलं, बाई? मी त नुसता इचारून राह्यलो होतो."

ते नाव त्यांनी इथंही टाइप केलं नसतं. म्हणून मीही लिहीत नाही.