शेजारणीकडचा स्टीलचा गिलास

भूतखेत, करणी, भानामती — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचं घर बौद्ध. वडिलांनी अंगारे-धुपारे कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. मी फुलसावंगीला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर — सरकारी कागदावर व्रणोपचारक, गावात बैलांचा डॉक्टर. सारी नोकरी जखमा धुण्यात गेली, त्यात करणी कुठं दिसली नाही. तरी हे लिहितोय... कारण घरी सांगता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, मंदाच्या, छातीत दुखायला लागलं. फुलसावंगीहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर — अँब्युलन्समध्ये मी तिचा हात धरून नुसता घड्याळाकडे पाहत होतो. वाचली. पण डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही. मला रिटायर व्हायला दीड वर्ष. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणजे जे करायचं ते मीच. त्या दिवसापासून डोक्यात एकच — पुढचा झटका यायच्या आत नागपूरजवळ घर.

सुट्टी आली की आम्ही फ्लॅट बघत फिरायचो. बुटीबोरी, हिंगणा रोड, मग बेसा. मंदा किचनचा ओटा बघायची, मी दवाखान्याचं अंतर. एका ठिकाणी मी "लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का?" असं विचारलं, तर मंदानं मला चारचौघांत कोपरानं ढोसलं.

बेस्याची स्कीम पाहिली ती मे महिन्यात, भर दुपारी. दुसरा मजला, कोरा फ्लॅट, नळांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. दवाखाना ऑटोनं दहा मिनिटांवर. लिफ्ट अजून सुरू नव्हती, जिना चढून मंदाला धाप लागली. शेजारच्या दारातल्या बाईंनी ते पाहिलं.

"या ना ताई, बसा कूलरपाशी. लय ऊन लागलं तुमाले."

बोलण्यावरून आपल्याच भागातल्या वाटल्या. बरं वाटलं. त्यांनी दोघांना पाणी दिलं. मी गिलास तोंडाला लावला आणि बोटांना कोरलेली अक्षरं लागली. आमच्याकडे माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जवळच्यांना त्याचं नाव घातलेलं भांडं देतात. अशी भांडी प्रत्येकाच्या घरात असतात, म्हणून सहज वाचलं.

'कालकथित पंजाब तुळशीराम सावळे, फुलसावंगी, यांच्या स्मरणार्थ. पत्नी मंदा.'

पंजाब तुळशीराम सावळे म्हणजे मी.

नावासारखं नाव असतं, मान्य. पण वडिलांसकट, गावासकट, बायकोसकट? नावाखाली तारीख असते. ती माझ्या अंगठ्याखाली होती. अंगठा उचलायचा तेवढा बाकी होता... मी उचलला नाही. घाबरलो, सरळ सांगतो.

"हा गिलास कुठचा हो ताई?"

"बाजूच्या ताईनं देल्ला ना. त्यायच्या घरी कार्यक्रम होता."

"कोणत्या बाजूच्या?"

त्यांनी दारातून बोट दाखवलं — आम्ही नुकत्याच पाहिलेल्या फ्लॅटकडे. बोट तसंच हवेत राहिलं. "अवं... पण तिथं तं अजून कोणी राह्यलेच आलं नाही. मंग मले कोणं देल्ला?"

"तुमाले एवढा घाम काहून आला?" मंदानं विचारलं. मी म्हणालो, ऊन. आणि गिलास न बघताच बाईंच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी एकटाच गेलो. बाईंनी मांडणीवरची सगळी भांडी उतरवून दाखवली. तो गिलास नव्हता. "नाव होतं भाऊ त्याच्यावर, मीनं पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "आता काहून सापडत नाही, काय सांगू!" फोटो का नाही काढला, असं तुम्ही विचाराल. फोटोत तारीखही आली असती.

आम्ही तोच फ्लॅट घेतला.

वेडा म्हणा. पण वर्षभर मला एकच भीती होती, मंदा आधी जाईल. गिलासावर त्याच्या उलट लिहिलं होतं. म्हणजे ती त्या घरात राहिली, माझ्या मागं कार्यक्रम करण्याइतकी धडधाकट राहिली, शेजारणीशी तिचं जुळलं. असं घर सोडून तिला दुसरीकडे कुठं नेऊ? जिवाची घालमेल काही गेलेली नाही. झोपेत अंगठा दुखतो, जाग येते. तो गिलास कुठून आला, कुठं गेला, मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगा... तारीख मात्र सांगू नका.

सध्या रोज संध्याकाळी मी मंदाला मोबाइलवरून दवाखान्यापर्यंत ऑटो बोलवायला शिकवतो. ती वैतागते.

"मले कायले शिकवून राह्यले? तुमी असान ना संगं!"

"दाब ते बटन," मी म्हणतो. "आता पुन्हा. पहिल्यापासून."