नाक्यावरचा बांबू

आमच्या गावापासून मामाचं गाव दोन मैल. मधे ओढा, आणि ओढ्यावर राज्याची हद्द. त्या हद्दीला आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अक्कलकोटच्या बाजारात मराठीत घासाघीस करायची, मामाच्या ओट्यावर कानडीत भांडायचं. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर धान्य हद्दीपार न्यायला बंदी आली, ओढ्यावर नाका बसला आणि रस्त्यात बांबू आडवा झाला. साधा बांबू हो! त्यानं आमच्या घराचं वाटोळं केलं.

येळ अमावस्येला आमच्याकडं शेतात पूजा, आंबिल, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी. आंबिलीची ज्वारी आईला माहेरचीच लागायची आणि मामा दरसाल स्वतः ती आणून द्यायचा. त्या साली त्यानं काय करावं? चार पायल्या ज्वारी वाकळेत भरली आणि वरून टाके घातले. बहिणीला वाकळ द्यायला कोण अडवतंय, म्हणे! अहो, वाकळ घेऊन कुणी एवढं वाकतं का? शिपायाला काय डोळे नव्हते?

त्यानं वाकळ टराटरा फाडली. ज्वारी धुळीत सांडली. मामाला उकिडवं बसवून दाणा न् दाणा वेचायला लावला. लोक फिदीफिदी हसत होते. मी आणि आई त्याला घ्यायला आलेलो, बांबूच्या अलीकडं उभे. मामा उठला आणि आईला म्हणाला, "अक्का, ह्यो बांबू हाय तवर तुज्या दारात पाय ठेवणार न्हाय."

पुढं बंदी उठली. नाका गेला, बांबू कुणीतरी गोठ्याला नेला. मी पळत मामाकडं गेलो. "मामा, बांबू गेला की!"

"तुला दिसत नसंल," मामा म्हणाला.

डोकंच फिरलं माझं. घरी येऊन आईला म्हटलं, तूच जा की. तर ही म्हणते, "माज्यापायी त्यो धुळीत बसला. कुठल्या तोंडानं जाऊ?" दोघंही लई हट्टी! विकतच्या ज्वारीची आंबिल करायची, पहिला द्रोण भावासाठी बाजूला ठेवायची आणि संध्याकाळी गाईपुढं ओतायची. चार वर्षं हेच.

मग आई गेली. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. मी निरोप धाडला आणि ओढ्यावर जाऊन थांबलो. मामा आला, लुगडं छातीशी धरून. बांबूच्या खुंटाचा खड्डा अजून होता. तिथं येऊन थांबला.

"मामा, आता तरी ये की रं! आता कोण हसणार हाय?" मी ओरडलो.

त्यानं पाय उचलला आणि परत जागेवर ठेवला. "न्हाय व्हत रं," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

त्यानं लुगडं पुढं केलं. मी रागारागानं हात लांबवून ते घेतलं आणि माघारी फिरलो. घराजवळ आल्यावर ध्यानात आलं, खड्ड्यापलीकडं मीही पाय टाकला नव्हता.