रोज्यात वाढलेलं चार किलो

"चार किलो! बू, नीट बघा की जरा. काटा बिघडला आसंल तुमचा."

"काटा परवाच तपासून आणलाय, यू. पहिल्या रोज्याला सत्त्याऐंशी भरले होते. आज एक्याण्णव."

"बारा दिस उपास करून मानूस चार किलो वाढतुया? आवं, गाभण म्हस बी इतकी वाढत न्हाई!"

गावच्या दवाखान्यातली नर्सबाई, बू रेत्नानी, हसली नाही. हसला तो काट्यावर उभा असलेला कास्मुरी. बायकोचं तोंड सुटलं की हा गडी असाच हसायचा, जसं काही दुसऱ्याच्याच नवऱ्याबद्दल चाललंय.

"दात काय काढताय, कांग? पाय दावा त्यांना," तुकिनेम म्हणाली. या गावात मानाच्या बाईला 'बू' म्हणतात, ताईला 'यू', आणि बायको नवऱ्याला 'कांग', म्हणजे दादा, म्हणते.

कास्मुरीनं चप्पल काढली. उजव्या पायाच्या करंगळीशेजारी जखम होती. झावळीचं पातं लागल्याचं निमित्त झालेलं, त्याला दोन महिने होऊन गेले. साधी जखम आठ दिवसांत खपली धरते. ही रोज सकाळी ओलीच. अंगात साखरेचा आजार मुरलेला, वर हे एवढं वजन. रेत्नानीनं चिमट्यानं जखमेची कड दाबली. कास्मुरीला कळलंही नाही. तो ओरडला असता तर तुकिनेमला बरं वाटलं असतं.

"पाक कास्मुरी, तुम्ही आजारी आहात," रेत्नानी म्हणाली. " आजाऱ्याला रोजा माफ असतो. त्याबदली रोज एका गरिबाला जेवू घाला. हे मी नाही म्हणत, धर्मच म्हणतो."

"आनि बांग कुनी द्यायची? सारा गाव माज्या बांगेवर रोजा सोडतुया. बांग देनाराच दुपारी भात हादडून आला तर लोक थुकतील माज्या तोंडावर."

रेत्नानीनं सुस्कारा टाकला. "बरं, धरा रोजा. पण संध्याकाळी तोंड आवरा. बाविसाव्या रोज्याला परत या. वजन उतरलं नाही आणि ही कड काळी पडली, तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवीन. तिथं दोन बोटं काढतील. कदाचित अख्खा चवडा."

माडावर चढणाऱ्याचा चवडा म्हणजे गवयाचा गळा. या दक्षिण किनाऱ्याला निम्मा गाव माडावरच जगतो. दिवसातून दोनदा चढायचं, पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, कापायची, नीरेनं भरलेले वेळू, म्हणजे बांबूच्या नळ्या, उतरवायचे. खोडाला पाडलेल्या खाचेत पायाची बोटं बसली तर माणूस वर जातो, नाही बसली तर खाली येतो, आणि तो कसा येतो ते गावानं दरसाल एकदा तरी बघितलेलं आहे. कास्मुरी ऐन उमेदीत छप्पन किलोचा होता. सोळा माड चढून उतरेपर्यंत इकडं विडी विझत नसे. आता जखम झाल्यापासून शेजारचा दाल्योनो अर्ध्या वाट्यानं त्याचे माड चढत होता आणि कास्मुरी मशिदीत पंख्याखाली बसून गळा साफ करत होता.

घरी आल्यावर तुकिनेमनं चुलवणाला जाळ घातला. गुळासाठी काहिलीत नीरा ओतली. रोजा तिलाही होता. डोक्यावर उन्हानं तापलेला पत्रा, पुढ्यात धग, घशाला कोरड, आणि पाक झाला की नाही ते जिभेवर घेऊन बघायची सोय नाही. थेंब पाण्यात टाकायचा, बोटात वळतो का बघायचं. ती सुकून चिपाड झाली होती. आणि ह्याचं चार किलो वाढलं! कुठनं वाढलं? घरी तर ती सहरीला, पहाटे रोजा धरायच्या आधी, मूठभर लाल भात, पपईचा पाला, एक अंडं नि वाफवलेलं तेंपे देत होती. सोयाबीनची ती आंबवलेली वडी तळायची नाही म्हणून तिनं कढईच माळ्यावर टाकली होती. रात्रीला तेवढंच. तोही म्हणायचा, "थोडंच वाढ गं, भूक न्हाई फारशी." आणि हिला वाटायचं, गड्यानं मन मारायला घेतलं.

त्या संध्याकाळी ती मशिदीच्या बायकांच्या ओसरीवर जाऊन पडद्याच्या फटीतून बघत बसली. मशिदीत रोज एका घराची पाळी. साठ माणसांचा रोजा सोडायचा फराळ त्या घरानं पाठवायचा. कुणाचं जास्त गोड, कुणाचं जास्त दाट, याची बायकांत चुरस. कास्मुरीनं दोन गिलास लाल सरबत रिचवलं. मग वाडगाभर कोलाक, म्हणजे गुळात नि नारळाच्या दुधात शिजवलेली केळी-रताळी. मग पिठात बुडवून तळलेली तेंपेची पाच भजी. वर चिकट भाताचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी, तसा सगळा प्रकार. एवढं करून गडी घरी येऊन म्हणणार, भूक न्हाई फारशी!

"लाज न्हाई वाटत?" तिनं घरी विचारलं.

"लोक पिरमानं देत्यात. न्हाई कसं म्हनू? आनि गोडानं रोजा सोडावा आसं सांगितलंयच की."

"कुनी सांगितलंय?"

"कुनी म्हंजे? धर्मानं!"

गावात लहानथोर सगळे हेच म्हणत. सरबताच्या बाटलीवर तेच, टीव्हीवर तेच, मशिदीच्या भिंतीला लावलेल्या कागदावर तेच. तुकिनेमचं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी ती थेट म्हाताऱ्या इमामाच्या दारात गेली. जमहारी, गावाचा म्बाह म्हणजे आजोबा, ऐंशीचा, कानानं जड, अंगानं बांबूची फोक.

"म्बाह, रोजा कशानं सोडायचा?"

"खजुरानं. खजूर नसला तर पान्यानं."

"आनि सरबत?"

"सरबताचं कुटं काय लिवलंय? ते बाटल्या इकनाऱ्यांचं."

"मग तुमच्या म्होरं हंडंच्या हंडं येत्यात, तवा का बोलत न्हाई तुमी?"

म्हातारा दाढी कुरवाळत म्हणाला, "लोक पिरमानं आनत्यात, पोरी."

"पिरमानंच मानूस मारायचा व्हय?" म्हणून ती तशीच फिरली.

कास्मुरीनं तिला शब्द दिला की आजपासून फक्त पाणी. रात्री घरी आला तेव्हा ओठ लालभडक होते. तिनं ताट वाढलं ते आदळूनच.

पंधराव्या रोज्याला पाळी तुकिनेमची होती. सकाळीच बू हाजी सोफियातुन अंगणात आली. भाताच्या गिरणीवाल्याची बायको, मक्केला जाऊन आलेली. पाळ्या लावायचं काम तिच्याकडं, आणि कुणी किती हात आखडला हे गावभर सांगायचंही तिच्याकडंच.

"यू तुकिनेम, मागल्या सालासारखं कोलाक होऊ दे बरं का. चमचा हुबा ऱ्हायला हुता. गूळ घरचा, मग हात कशाला आकडायचा?"

मागल्या साली ते कोलाक खरंच गाजलं होतं. महिनाभर तुकिनेम त्या कौतुकावर तरंगत होती. आज ते आठवलं आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. नवऱ्याच्या अंगावरचं निम्मं मांस तिनंच तर ह्या काहिलीतून ओतलेलं.

"व्हय, बू हाजी," ती म्हणाली. "पोटभर घालते सगळ्यास्नी."

संध्याकाळी मशिदीत साठ ताटं लागली. प्रत्येक ताटात तीन खजूर, पपईची फोड, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा, वाफवलेलं तेंपे आणि वाटीत माठाच्या पाल्याचं, भोपळा घातलेलं पातळ कालवण. प्यायला माठातलं पाणी. पुरुषांनी ताटं बघितली आणि पंगतीत गलका उठला.

"यू, बाळंतीण कोन हाय गं हितं?"

"आमी शेरडं हाय व्हय पाला खायाला?"

"दिसभर उपाशी ऱ्हायलो ते पपईसाठी? पपई परसात कावळं खात्यात माज्या!"

दाल्योनो तेवढा म्हणाला, "मला बरं हाय बाबा. उद्या सकाळी मला वर चढायचंय." त्याचं कुणी ऐकलं नाही. कास्मुरी माईकपाशी मान खाली घालून बसला होता. त्याचे कान तापलेले तुकिनेमला पडद्याच्या फटीतूनही दिसले.

आणि सोफियातुन बायकांच्या ओसरीवरून हसत पडद्यापाशी पुढं झाली. "मला वाटलंच हुतं. दुपारी तुज्या परसात नारळ खवल्याचा आवाज आला न्हाई. म्हनून घरनं सरबताचा हंडा आनवलाय. उपाशी लोकांचा तळतळाट नको."

हंड्यावरचं फडकं निघालं. बर्फ खळखळला. साठ माणसांच्या तोंडावर उजेड पडला. पहिला गिलास बांग देणाऱ्याला, ही रीत. तो हातोहात कास्मुरीकडं गेला. त्यानं माईक सुरू केला आणि नेहमीसारखा खाकरला. त्या खाकरण्यावर गावातल्या घराघरांत लोक खजूर हातात घेत. नगारा वाजला. आता घोटभर काही प्यायचं आणि बांग द्यायची. बांग ऐकल्याशिवाय बाकी गावानं थुंकीसुद्धा गिळायची नाही. कास्मुरीनं गिलास उचलला.

तुकिनेम पडदा सारून पुरुषांच्या चटयांवरून चालत गेली. कुणाच्या ताटात पाय पडला, तिनं बघितलं नाही. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"ठेव त्यो गिलास खाली! ठेव म्हंते न्हवं! पंधरा दिस मी पाला उकडून घालतिया, भात मुठीनं मोजून वाढतिया, आनि तू हितं यिऊन हंडं रिचवतुयास? अल्लाच्या नावानं उपाशी ऱ्हायचं आनि रेड्यावानी फुगायचं, हाय कुटं लिवलेलं? दोन बोटं जायची म्हनली ती नर्स! चवडा जायचा म्हनली! माडावर काय गळ्यानं चढनार हाईस?"

मग ती सोफियातुनकडं वळली. "आनि तू, बू हाजी! तुज्या नवऱ्याला पाज तुजं सरबत. माज्या नवऱ्याची बोटं कापली की तुज्या कोलाकात घालनार हाईस का? केळ्यासारखी शिजतील!"

"यू..." दाल्योनो हळूच म्हणाला. "यू, माईक."

तेव्हा तिला स्वतःचाच श्वास मनोऱ्यावरच्या भोंग्यातून ऐकू आला. सगळा गाव ऐकत होता. घराघरांत खजूर ओठांपाशी थांबलेला, गिलास हातात धरलेले, पोरं चुळबुळ करताहेत, आणि बांगेच्या जागी तुकिनेम. दुसरी एखादी मेल्याहून मेली झाली असती. हिचा पारा आणखी चढला.

"ऐकू दे! समद्या गावाला ऐकू दे! खजूर न्हाईतर पानी, म्हातारा इमाम सांगतुया ते! इचारा त्याला!"

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. म्बाह जमहारीनं काठी आपटली. कानानं जड असला तरी मनोरा त्यालाही ऐकू आला होता. त्यानं आपल्या ताटातला एक खजूर नि पाण्याची वाटी कास्मुरीपुढं सरकवली.

"बांग दे, कास्मुरी. लोक ताटकळल्यात."

कास्मुरीनं सरबत खाली ठेवलं. रागानं की लाजेनं, त्याचं त्यालाच ठाऊक. मग पाण्याचा घोट घेतला आणि बांग दिली. दुसऱ्या ओळीलाच आवाज फाटला.

गाव आठवडाभर हसला. पोरं रस्त्यात कंबरेवर हात ठेवून "ठेव त्यो गिलास!" ओरडू लागली. सोफियातुननं तुकिनेमचं घर पाळीतून काढून टाकलं आणि बाईच्या अंगात काहीतरी शिरलंय असं सांगत फिरली. मशिदीत दुसऱ्या दिवशी सरबताचे दोन हंडे आले. कोलाक आणखी दाट झालं. कुणी काही शिकलं नाही. फक्त कास्मुरीच्या हातात गिलास द्यायला कुणी धजेना. कुणी द्यायला गेलाच तर दुसरा म्हणे, "आरं, यू यील!" आणि पंगत खिदळे. कास्मुरी मुकाट पाणी पिई, तीन खजूर खाई आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून जेवे. बायकोशी एक अक्षर नाही. तिच्यासमोर बसायला नको म्हणून सहरी झाली की तो जाड बूट घालून समुद्राच्या बांधापर्यंत चालत जाई आणि ऊन वर येईपर्यंत परतत नसे. तिनं त्याला अडवलं नाही. तिचाही राग तेवढाच शाबूत होता. मेला, आधीच चालला असता तर?

बाविसाव्या रोज्याला दोघं दवाखान्यात गेली, दहा पावलांचं अंतर ठेवून. काट्यावर साडेअठ्ठ्याऐंशी भरले. रेत्नानी वाकून बराच वेळ जखम बघत राहिली. कड काळी नव्हती. मधे लाल, दाणेदार मांस दिसत होतं. तिनं चिमटा लावला आणि कास्मुरी कळवळला.

"आई गं!"

"दुखलं?" तुकिनेमनं विचारलं.

"मग काय गुदगुल्या झाल्या?" आठवड्यात बायकोशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

"आज शहरात पाठवत नाही," रेत्नानी म्हणाली. "बोटं वाचली असं अजून म्हणणार नाही. ईदच्या दिवशी सांभाळा, मग पुढचं पुढं."

परतताना बांधावर त्यानं तोंड उघडलं. "गावात मला तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस तू."

"पाय हायेत न्हवं जाग्यावर? मग तोंडाचं बघू सवडीनं."

"ईदला बू हाजीच्या घरी जायाचं आनि माफी मागायची. समदेच एकमेकांची मागत्यात. तू मागायची."

"मागीन. हात जोडून मागीन. पन तिनं म्होरं केलेल्या ताटातली एक करंजी जरी उचललीत, तर तितंच हुबी ऱ्हाऊन पुन्ना सुरू करीन."

कास्मुरी लंगडत पुढं गेला.

घरी दाल्योनो सकाळची नीरा ठेवून गेला होता. बारा वेळू, वर फेस आलेला. उशीर झाला की नीरा आंबते आणि गूळ धरत नाही. तुकिनेमनं डोक्याचा रुमाल मागं करकचून बांधला, नीरा गाळून काहिलीत ओतली आणि चुलवणात सरपण सारलं. दाल्योनोनं आणून टाकलेलं लाकूड ओलं निघालं. धुरानं डोळे चुरचुरले. दाल्योनोच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती वाकली आणि जाळाला फुंकर घालू लागली.