तरोट्यावरची जोडी

श्रावणभाऊ ढोके कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत. छताचा कोपरा, दाराची फट, कुंडीची मागची बाजू एवढं पाहून झालं की मग नमस्कार करत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईला वाटलं, हे घराची साफसफाई तपासतायत. ती ओशाळून म्हणाली, "जाळी काढायची राहिली हो." श्रावणभाऊ घाईघाईने म्हणाले, "नका काढू, माय. कोळीन पोटुशी हाय." आई त्यानंतर महिनाभर त्या कोपऱ्याला झाडू लावायला धजली नाही.

नागपूरच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, तिथे ते प्रयोगशाळेत परिचर होते. बरण्या धुवायच्या, बेडूक आणायचे, मुलांनी केलेली घाण काढायची, हे त्यांचं काम. मूळचे खाप्याचे. धम्मदीक्षेच्या वर्षी वडिलांबरोबर नागपूरला आले आणि इथेच राहिले. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे बडे सर म्हणत, ते कोळ्यांचे तज्ज्ञ म्हणून देशभर नाव कमावून होते. पण कोळी पकडून आणायचे श्रावणभाऊंनी. बडे सर ऊन लागतं म्हणून अंबाझरी तलावाच्या पलीकडे कधी गेल्याचं मला आठवत नाही.

श्रावणभाऊंची स्वतःची एक पद्धत होती. कोळी दिसला की ते लगेच पकडत नसत. उकिडवे बसून बघत राहत, कधी कधी तासभर. मग तो स्पिरिटच्या नळीत जायचा आणि सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी जायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीवर मराठीत लिहिलेलं असे : 'कन्हेरीवर. मधमाशी धरून होता.' किंवा 'पानाची घडी करून आत. हात लावला तर उडी मारली नाही.' मी घाई केली की म्हणायचे, "नाव मागून पाहा, मॅडम. आधी त्याचं बसनं पाहा." बडे सर मात्र भिंगाखाली डोळ्यांच्या रांगा आणि पायावरचे काटे मोजून जात ठरवत. तेही खरंच शास्त्र आहे, मी आयुष्यभर तेच केलं. पण एकदा सरांनी एका कोळिणीचा रंग 'पांढुरका' लिहिला आणि श्रावणभाऊ न राहवून म्हणाले, "सर, हे हळदीवानी पिवळी होती." सर म्हणाले, "माझ्यासमोर नळीत आहे ती पांढरी आहे." बाहेर आल्यावर श्रावणभाऊ मला म्हणाले, "स्पिरिटात घातल्यावर सारेच पांढरे, मॅडम. सर बी होतीन."

आमच्या विभागाचा नियम असा की आणणाऱ्याची चिठ्ठी काढून टाकायची आणि तिच्या जागी इंग्रजीत, सुबक अक्षरात नवी घालायची. ते काम माझं. चित्रंही मीच काढायची. माझा प्रबंध बडे सरांकडे होता, त्यामुळे काम कशाला म्हणायचं आणि वेठ कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

सत्तर सालाच्या पुढेमागे, पाऊस ओसरताना, श्रावणभाऊ खाप्याहून एक नळी घेऊन आले. चेहरा असा फुललेला की घरात बारसं असावं. कन्हान नदीच्या काठी तरोटा, म्हणजे टाकळा, फुलून पिवळा झाला होता आणि त्याच्या एका फुलावर त्यांना खेकड्यासारखे तिरपे चालणारे दोन कोळी मिळाले होते. एक टपोरी पिवळी मादी, आणि तिच्या पाठीवर मुगाच्या दाण्याहून लहान, काळपट नर. "दोन घंटे पाहून राहिलो मी. उतरलाच नाही तो. हा नवरा होय तिचा," ते म्हणाले. चिठ्ठीवर तेच होतं : 'दोघं एकाच फुलावर. हा तिच्या पाठीवर.'

बडे सरांनी ती चिठ्ठी वाचली आणि हसले. "असल्या घरगुती गोष्टी शास्त्रात लिहायच्या नसतात," म्हणाले आणि जोडी दोन नळ्यांत वेगळी करायला सांगितली. एक कोळी म्हणजे एक लेख. दोन वेगळ्या जाती म्हणजे दोन लेख. मादी नवी जात म्हणून छापून आली, तिला कुलगुरूंचं नाव दिलं. नर दुसरी नवी जात म्हणून आला, त्याला सरांच्या गुरूंचं. म्हणजे कुलगुरू बाई झाले आणि त्यांचे यजमान कोण ते शास्त्राला ठाऊक नव्हतं. मी दोन इंग्रजी चिठ्ठ्या लिहिल्या, तारीख आणि गाव घातलं, फुलाचं काहीच घातलं नाही. श्रावणभाऊंची चिठ्ठी चुरगाळून टोपलीत मीच टाकली. ते दारात उभे होते. फक्त एवढंच म्हणाले, "काहून ताटातूट करता त्यायची?"

दोन वर्षांनी एका परदेशी संग्रहालयातल्या तज्ज्ञाचं पत्र आलं, प्राचार्यांनाही प्रत होती. भाषा सभ्य, पण अर्थ सरळ. एकाच गावातले, एकाच दिवशीचे हे दोन कोळी एकाच जातीचे नरमादी दिसतात. पकडणाऱ्याने ते एकत्र असल्याची नोंद केली नव्हती का? बडे सरांनी प्राचार्यांना सांगितलं की परिचराने तसं काही कळवलंच नाही, निष्काळजी माणूस आहे. आता नेमकी त्याच महिन्यात संग्रहालय सहायकाची जागा भरायची होती. त्या जागेसाठी श्रावणभाऊ नोकरी करता करता तीनदा बसून मॅट्रिक झाले होते. विभागातले कोळी मग त्यांच्या हाताखाली आले असते, आणि चिठ्ठ्याही.

प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. श्रावणभाऊ धुतलेला शर्ट घालून आले होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चिठ्ठी होती, साहेब. एकाच फुलावर होते, असं लिवलं होतं मी. मॅडमनं वाचली. त्यायले विचारा." ते अगदी निश्चिंत उभे होते. प्राचार्य माझ्याकडे वळले. बडे सर खिडकीबाहेर बघत होते. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

मी गप्प बसले, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. गप्प बसणं वेगळं. मी खोटं बोलले. श्रावणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, तर एखादा ओळखीचा कोळी भलत्याच जागी दिसावा तसं. ती जागा सरांच्या मेव्हण्याच्या पोराला मिळाली, ज्याला झुरळाची भीती वाटत असे. श्रावणभाऊंना सायकल स्टँडवर बदललं. मला डॉक्टरेट मिळाली.

रोज सकाळी माझ्या सायकलला ते बिल्ला लावत आणि म्हणत, "नमस्कार मॅडम." एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. सहा महिन्यांत मी सायकल सोडली आणि रिक्षाने येऊ लागले. पगार पुरत नव्हता, तरी.

बडे सर निवृत्त झाले, मग त्यांच्या खुर्चीवर मी बसले, आणि तेव्हा कुठे मला धीर आला. मी त्या दोन जाती एकच असल्याचा लेख लिहिला. तो छापून आला. पकडणारा म्हणून श्रावण ढोके हे नाव मी घातलं, एकाच फुलावर, पाठीवर, सगळं घातलं. परदेशातून दोन पत्रं आली, माझं कौतुक करणारी. लेखाची प्रत घेऊन मी इंदोरा वस्तीत त्यांच्या घरी गेले. ते मागच्या उन्हाळ्यातच वारले होते. सायकल स्टँडवरून रिटायर झालेला माणूस. कॉलेजात कोणी नोटीससुद्धा लावली नव्हती.

त्यांच्या बायकोने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. "तुमी त्या चित्रं काढनाऱ्या मॅडम का?" म्हणाल्या. "ते लय नाव घेत तुमचं. म्हनत, मॅडम सांगतीन, आज नाही तं उद्या. आमी हासत होतो. काय सांगाचं होतं वं बाई तुमाले?"

मी सांगितलं. नळी, चिठ्ठी, टोपली, प्राचार्यांची खोली, सगळं सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, "तो बडा सायब हाय का अजून कालेजात?"

"नाही. रिटायर झाले."

"तुमची नौकरी?"

"पक्की आहे. आता मीच विभागप्रमुख आहे."

त्या म्हणाल्या, "मंग आता काहून आल्या?"

 लेख इंग्रजीत होता. मी तो पर्समधून बाहेर काढलाच नाही, पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठले.