आडव्या बाटलीवरचा शिक्का

अंबुबाईचा हेका म्हणजे हेका. सांगोल्याकडच्या त्या गावात मेंढरं तिची शिट्टी ओळखत, आणि नवरा येडू तर शिट्टीआधीच वळायचा.

असल्या बाईनं एकदाच माती खाल्ली. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान लागलं होतं. दुकान नको असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, हवं असेल तर उभीवर. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर मारला, तरच दुकान बंद. म्हणजे जी आलीच नाही, ती दुकानदाराच्या पदरात. अंबुबाई तेव्हा मेंढरं घेऊन अकलूजकडं होती. “माज्या एकीनं काय हुतंय?” म्हणाली आणि तिकडंच राहिली. आडवीवर मतं पडली बरोबर निम्मी. एक कमी! दुकान राहिलं, आणि तिचा पोरगा कुमार दिवसाढवळ्या झिंगायला लागला. गाव तिला एका शब्दानं बोललं नाही, तेच तिला जास्त लागलं.

यंदा पुन्हा मतदान लागलं. मेंढरं अकलूजकडंच होती, त्यात वीण सुरू.

“एकीनं न्हाय टाकलं तर काय आभाळ पडतंय व्हय?” येडू म्हणाला.

“पडलं की गेल्या बारीला, आपल्याच घरावर. मेंढरं तुमी बघा.”

सकाळची एसटी धरून ती आली, शाळेत जाऊन शिक्का मारला. पण सून प्रियंका रांगेत दिसेना.

घरी उंबऱ्यात कुमार पाय पसरून बसलेला, प्रियंका आत चुलीपाशी रडत होती.

“ही कुटं जायची न्हाय,” कुमार म्हणाला. “आये, तू टाकलंस न्हवं? बास झालं की.”

“यादीत नाव हिचं हाय, तुजं न्हाय. पाय घे.”

त्यानं घेतला नाही. अंबुबाई पाय ओलांडून आत गेली, सुनेचा दंड धरला आणि तसंच तिला बाहेर काढलं. कुमार शिव्या देत शाळेपर्यंत मागं आला. आईच ती, एकदा मागं वळून बघितलं. पण पाऊल थांबलं नाही.

दोनशे चार मतं हवी होती. दोनशे पाच पडली.

संध्याकाळी कुमार भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “घरातल्याच दोघींनी माज्या इरोधात टाकलं.”

“इरोधात न्हवं रं,” अंबुबाईनं भाकरी त्याच्यापुढं सरकवली. “तुज्यासाठीच टाकलं. आन परत मतदान लागलं, तर परत टाकीन.”