वरच्या वस्तीचा नळ

इरा, निहार,

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – तुमच्या आजोबांनासुद्धा नाही. आज लिहिते आहे, कारण परवा फोनवर इरा म्हणाली, सगळ्यांना विचारून, एकमतानं सरकारी निर्णय कसे घ्यावेत हे ती तिकडे कॉलेजात शिकते आहे. "आजी, तू तर हे कधीच केलंयस." केलंय खरं. पण कसं?

नव्वदनंतरची वर्षं. परदेशी मदतीतून गावोगाव नळयोजना येत होत्या. अट एकच – नळ कुठे बसवायचे हे गावानं सभेत एकमतानं ठरवायचं. धारूरच्या घाटाखालच्या आपल्या गावात मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. अहवाल इंग्रजीत हवा, म्हणून सभांचं काम माझ्याकडे आलं. माझ्या डाळीच्या डब्यांवरसुद्धा नावं असतात, तुम्ही चिडवता ना? सभाही मला तशीच हवी होती. नीट.

पहिली सभा दिवाळीआधी झाली. मी सामंजस्यावर बोलत होते – छान बोलत होते, निदान मला तसं वाटत होतं – आणि वरच्या वस्तीची रुक्मिण उठली. टेकाडावरची ती सगळी घरं ऊसतोडीला जाणारी. पाणी खालून डोक्यावर न्यायची. म्हणाली, "बाई, तुमच्या परसात हातपंप हाय. कळशीचं वजन तुमाला कसं कळंल?"

सभा खदखदून हसली. मीही हसले. रुक्मिण काही परकी नव्हती. तुमच्या आईला तान्हेपणी तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं. दिवाळीनंतर तोडीची टोळी निघाली तेव्हा ट्रकवरून ती एवढंच म्हणाली, "आमी आल्याबिगर ठरवू नगा." मी मान डोलावली.

पौषात योजनेचे साहेब आले. निम्मं गाव बाहेर आहे, सभा चैत्रात घ्यायची का, असं त्यांनीच मला विचारलं. घाई त्यांना नव्हती. आणि मी – मी म्हणाले, थांबायची गरज नाही, वस्तीशी माझं बोलणं झालंय.

का म्हणाले? गावाच्या भल्यासाठी? नाही. पुन्हा ती उठेल, पुन्हा सगळे हसतील – एवढंच होतं मनात.

सभा शांतपणे पार पडली. गावाला मिळालेले दोन्ही नळ खाली ठरले, एक वेशीपाशी, एक देवळापाशी. एकही हात विरोधात वर झाला नाही. कोण करणार होतं? साहेबांनी माझं कौतुक केलं, आणि मला ते गोड लागलं.

चैत्रात रुक्मिण आली ती दरवर्षीसारखी माझ्यासाठी गुळाची ढेप घेऊन. नळ तिनं येतानाच पाहिले होते. ती काही विचारायच्या आत मीच बोलले, साहेब थांबायलाच तयार नव्हते.

ती उंबऱ्याशी बसली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या, बाई. तुमी तरी काय करणार."

मला समजावत होती ती. मला! तेव्हा तरी बोलायचं होतं – नाही बोलले. पुढे कितीतरी चैत्र आले, गूळ आला, मी गप्पच राहिले. आता रुक्मिण नाही.

देवळाजवळच्या नळापासून वरच्या वस्तीपर्यंत बायकांच्या पायांनी एक वाट पडली आहे. ती अजून आहे.