जनीबाईचे शुक्रवार

हे मी धर्मगुरूंपुढच्या पापनिवेदनात कधी सांगितले नाही. दर वेळी रागाचे, आळसाचे सांगून सुटत आलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या चर्चच्या धर्मग्रामातले काही जण आजारी, निराधार माणसांच्या घरी जात. माझ्या वाट्याला आचोळे गावातल्या चाळीतली जनीबाई आली. नवरा गेलेला, मिठागरातले काम क्षयाने सुटलेले. दर शुक्रवारी शाळेत शिकवून परस्पर मी तिच्याकडे जायचो, अंडी, दुधाची पावडर द्यायचो आणि तिच्यासाठी प्रार्थना म्हणायचो. देव गरिबाला जवळ घेतो, असे तिला सांगायचो आणि स्वतः उंबऱ्याशी बसायचो.

पहिल्याच दिवशी तिने चहाचा कप पुढे केला. मला क्षयाची भीती वाटली. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता, म्हणून सहज बोलून गेलो, "शुक्रवारी माझा उपास असतो. पाणीसुद्धा नाही." दुपारीच मी डब्यातले बोंबलाचे कालवण आणि भात पोटभर जेवलो होतो.

खोटे सोयीचे होते. ईस्टर उलटला तरी मी तेच सांगत राहिलो. एकदा ती हसून म्हणाली, "मास्तर, तुमचा देव उठला म्हनता, मग तुमचा उपास का नाय उठत?" तुमच्यासाठीच नवस केलाय, असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली.

मे महिन्याच्या सुट्टीतल्या एका शुक्रवारी ती जमिनीवर पडलेली दिसली. उलट्यांनी डोळे खोल गेले होते. शेजारीण माझ्यावरच उखडली, "बघा तुमची भक्तीण! दर शुक्रवारी उपाशी, वर त्या गोळ्या. डॉक्टर ओरडून थकला, जेव म्हणून."

मी जनीबाईला विचारले, असे का?

"तुमी माझ्यासाठी उपाशी ऱ्हाता. मी कशी खाऊ?"

"मी उपाशी नव्हतो, जनीबाई. एकदाही नाही. तुमच्या कपाला भ्यालो."

जनीबाईने मान छताच्या पत्र्याकडे फिरवली. वाटले, आता हाकलेल.

"सांगायचं मंग," ती म्हणाली. "मी उगाच भाताला मुकले." तिला हसू आले आणि हसण्यातूनच खोकल्याची उबळ. शेजारणीने पेज आणली. पाठीला हात देऊन मी जनीबाईला बसवले, वाटी तोंडाशी धरली. इतक्या शुक्रवारांत तिला माझा स्पर्श पहिल्यांदाच झाला.

पेज पोटात टिकली. सवयीने मी प्रार्थनेला डोळे मिटले, पण शब्द येईनात. तेव्हा तिचाच आवाज ऐकू आला, "देवा, ह्या मास्तराला लय भ्या वाटतं. त्याला जवळ घे."

अशी प्रार्थना मी तिला शिकवली नव्हती. मला ती येतही नव्हती.

पुढे जनीबाई बरी झाली. गोळ्यांनी झाली, असेच मी म्हणेन. माझी भीती त्या दिवशी गेली, असेही नाही. पण तिने ती माझ्या वतीने देवाच्या हाती देऊन टाकली होती, आणि परत मागून घेण्याची हिंमत मला झाली नाही. त्याबद्दल देवाचे आभार मी रोज मानतो. तिचे मानायचे मात्र राहून गेले.